सराफ्यातली खाद्यफेरी : एक परीक्षण

फराळाचे ताट मांडीवर घेऊन हा अंक चाळणाऱ्या वाचकाला वरचे शीर्षक पाहून वाटेल की पाककृतींचे पान चुकून टीकालेखांच्या विभागात आले. तसे नाही. खाण्याची फेरी हाच या परीक्षणाचा विषय आहे, आणि तो टीकेच्या कक्षेत बसतो असे माझे म्हणणे आहे. जिथे एक माणूस सांगतो आणि दहा माणसे ऐकतात, जिथे आरंभ, मध्य आणि शेवट आधी ठरवलेला असतो, जिथे श्रोत्याने हसावे कुठे आणि थक्क व्हावे कुठे याचीही योजना असते, तिथे एक कथा घडत असते. मग ती कथा चांगली की वाईट, खरी की खोटी, हे विचारण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला असलाच पाहिजे. तिकिटाचे पैसे त्याने मोजलेले असतात!

हल्ली दिल्लीत, लखनौत, अहमदाबादेत, मुंबईत आणि इंदूरला अशा फेऱ्या निघतात. संध्याकाळी ठरलेल्या ठिकाणी आठ-दहा अनोळखी माणसे जमतात. एक तरतरीत तरुण किंवा तरुणी त्यांना नमस्कार करते, पाण्याच्या बाटल्या वाटते आणि पुढचे तीन तास त्यांना गल्ल्यांतून फिरवून गाडीगाडीवर थांबवते. प्रत्येक थांब्यावर एक पदार्थ आणि एक गोष्ट. पदार्थ घासभर, गोष्ट पोटभर. पूर्वी परगावी गेले की मामा किंवा आतेभाऊ हे काम फुकट करीत असत, आणि वर ‘आमच्या गावासारखी कचोरी कुठे नाही’ असा दमही भरीत असत. आता मामा दुसऱ्या शहरात राहतो, आतेभावाला वेळ नाही. तेव्हा त्यांची जागा पगारी माणसाने घेतली यात नवल नाही.

परीक्षणासाठी मी इंदूरची फेरी घेतली. एक कारण असे की ती मी स्वतः चाललो आहे. दुसरे असे की इंदूर मराठी माणसाला पुरते परके नाही. होळकरांच्या मागोमाग गेलेली घराणी तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहेत. १९४८ साली होळकरांचे संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९५६ साली इंदूर मध्य प्रदेशात गेले, तरी तिथल्या सकाळच्या पोह्यांशी आपले नाते तुटलेले नाही. त्या पोह्यांवर शेव आणि जीरावन नावाचा मसाला पडतो, शेजारी जिलबी येऊन बसते, आणि पुणेकर पाहुणा दोन क्षण विचारात पडून मग दुसरी बशी मागवतो.

फेरीचे रंगस्थळ म्हणजे राजवाड्यामागचा सराफा. दिवसा इथे सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. तराजू, लाल कागद, लग्नाची खरेदी. रात्री आठ-नऊच्या सुमाराला सराफ फळ्या लावू लागतात आणि त्यांच्याच ओट्यांवर, त्यांच्याच दारांपुढे, कढया चढतात. मध्यरात्र उलटून गेली तरी गर्दी हटत नाही. दुकानासमोर रात्रभर माणसांची जाग असली म्हणजे चोराचे फावत नाही, म्हणून सराफांनी खाद्यवाल्यांना जागा दिली, असे इथे सर्वजण सांगतात. सोन्याची राखण खिचडीने करावी, ही कल्पना कादंबरीकाराला सुचली असती तर संपादकाने ती अतिरंजित म्हणून परत पाठवली असती.

आता गुणांकडे वळू. टीकाकाराने आधी गुण सांगावेत, म्हणजे पुढचे दोष वाचायला वाचक थांबतो.

पहिला गुण धैर्याचा. अनोळखी शहरात रात्री दहा वाजता गर्दीच्या गल्लीत एकट्या बाईने उभे राहून निवांत खावे, ही गोष्ट अजून आपल्याकडे सोपी नाही. आमच्या गटात नागपूरच्या एक निवृत्त परिचारिका होत्या. त्या म्हणाल्या, ‘मी नोकरीत रात्रपाळ्या केल्या, पण रात्री रस्त्यावर चाट खाल्ली ती आज पहिल्यांदा.’ फेरीने दुसरे काही केले नसते तरी या एका वाक्यासाठी मी तिला उत्तीर्ण केले असते.

दुसरा गुण निवडीचा. दीडदोनशे पावलांच्या गल्लीत काय खावे आणि कोणत्या क्रमाने खावे, हे जाणकाराशिवाय कळत नाही. आमच्या मार्गदर्शकाने आरंभ भुट्ट्याच्या किसाने केला. कोवळी कणसे किसून तुपावर परततात, दुधात शिजवतात, आणि वर लिंबू, कोथिंबीर, खोबरे घालतात. मऊ, किंचित गोड, पोटाला सांभाळून घेणारा पदार्थ. मग खोबऱ्याचे सारण घातलेले बटाट्याचे पॅटिस. मग दहीवडा. हिवाळा असल्यामुळे गराडू होता. हा आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद. त्याच्या तळलेल्या फोडींवर मसाला आणि लिंबू पडले की जीभ लहान मुलासारखी वागू लागते. त्यावर उतारा म्हणून शिकंजी आली. बाहेरगावचा माणूस लिंबाचे सरबत समजून पेला उचलतो आणि हातात येते ते आटवलेल्या दुधाचे, सुक्या मेव्याचे दाट पेय. शेवटी ताटलीएवढा जलेबा. तिखटानंतर थंड, थंडानंतर गोड, अशी ही रचना विचारपूर्वक केलेली होती. कित्येक कथासंग्रहांत कथांचा क्रमसुद्धा इतक्या काळजीने लावलेला नसतो.

तिसरा गुण मार्गदर्शकाचा स्वतःचा. मुलगा पदवीधर, हसरा, तीन भाषा बोलणारा. गटातल्या एका आजोबांना तिखट चालत नाही हे त्याने पहिल्या थांब्यावर विचारून घेतले आणि शेवटपर्यंत लक्षात ठेवले. पुढे मी जे दोष सांगणार आहे ते त्याचे नव्हेत, त्याच्या हातात दिलेल्या संहितेचे आहेत. नटाने पाठ केलेले संवाद लेखकाच्या नावावर मांडावेत, हा परीक्षणाचा जुना नियम आहे.

त्या संहितेचे मुख्य पात्र राजा आहे. भुट्ट्याचा किस कोणा महाराजांना आवडला. शिकंजी राजवाड्याच्या भटारखान्यात जन्मली. खिचडी राणीसाहेबांच्या उपासासाठी. हा केवळ इंदूरचा रोग नाही. लखनौला गलावटी कबाब खाल्ला की दात पडलेला नवाब समोर येतो. दिल्लीत चाट खाल्ली की शाहजहानचा हकीम येतो आणि यमुनेचे पाणी बाधू नये म्हणून मसाले लिहून देतो. रस्त्यावर उभे राहून, रस्त्यावरच्या माणसाच्या हातचे खाऊन, आपण प्रत्येक वेळी पोचतो मात्र राजवाड्यात!

मी कादंबऱ्या लिहितो. मनाने गोष्टी रचणे हा माझा धंदाच आहे, तेव्हा रचलेल्या गोष्टीवर मी कशाला रागावू? पण मी पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘कादंबरी’ असे छापतो. वाचक ते वाचून आत येतो. कीर्तनकारही उत्तररंगात आख्यान रंगवतो, पण श्रोत्याला ठाऊक असते की हे आख्यान आहे आणि त्याचे काम भक्ती जागवण्याचे आहे. फेरीच्या गोष्टीवर असा शिक्का नसतो. ती इतिहास म्हणून सांगितली जाते आणि तोंडात घास असताना सांगितली जाते. अशा वेळी माणूस शंका विचारीत नाही, मान डोलावतो. मुलांना शिकवताना मला रोज दिसते की भरल्या तोंडाने ऐकलेली गोष्ट सर्वांत घट्ट लक्षात राहते.

आणि या राजांच्या गोष्टींखाली जे दडपले जाते ते त्यांच्याहून कितीतरी सुरस आहे. मका मूळचा अमेरिकेतला. १४९२ नंतर समुद्र ओलांडून तो जुन्या जगात आला. आज पश्चिम मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या डोंगराळ भागात मक्याची भाकर हे भिल्ल कुटुंबांचे रोजचे जेवण आहे. परदेशातून आलेले एक कणीस डोंगरातल्या गरिबाचे अन्न झाले आणि तेच तूपदुधात शिजून शहराचे चोचले झाले. हा प्रवास कोणत्याही महाराजांच्या आवडीनिवडीपेक्षा मोठा आहे. पॅटिसातला बटाटाही त्याच खंडातला, आणि जिच्यावाचून आपले पान हलत नाही ती मिरचीही.

साबुदाण्याचे तर विचारूच नका. आपण उपासाला जो खातो तो साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो, आणि तो कंद दक्षिण अमेरिकेचा. भारतात त्याचा मोठा धंदा तामिळनाडूतल्या सेलमच्या परिसरात आहे, आणि तो १९४०च्या दशकात उभा राहिला. म्हणजे अमेरिकेचा कंद, तमिळ शेतकऱ्याचे कष्ट, मराठी माणसाची एकादशी आणि माळव्याचा जीरावन असे चौघे एका द्रोणात भेटतात. एवढी दांडगी गोष्ट समोर वाफाळत असताना आम्हांला राणीसाहेबांचा उपास ऐकवला गेला.

आता पात्रांकडे पाहू. या कथेत बोलणारे पात्र एकच, ते म्हणजे निवेदक. ज्यांच्या हातचे आपण खातो ते सगळे मूकपात्र. अपवाद दहीवड्याच्या दुकानाचा. तिथे वड्याचा द्रोण हवेत उंच उडवून, दह्याचा थेंब न सांडता, पुन्हा झेलतात. मग एकाच चिमटीत निरनिराळे मसाले धरून एकेक वेगळा सोडून दाखवतात. तिथे आमचा मार्गदर्शक आपोआप गप्प झाला, कारण तिथे कथा सांगणारा स्वतः हजर होता. मला वाटते, संपूर्ण फेरीत गटाने मनापासून टाळ्या वाजवल्या त्या याच ठिकाणी. कर्त्याने स्वतः बोलावे, हाताने का होईना, यात जे बळ असते ते दुसऱ्याने केलेल्या वर्णनात येत नाही.

खिचडीच्या ओट्यापाशी वेगळे घडले. राणीसाहेबांची गोष्ट संपता संपता नागपूरच्या बाईंनी खिचडीवाल्यालाच विचारले, ‘भैया, ये भाप किसलिए?’ तो आधी मार्गदर्शकाकडे पाहू लागला, जणू बोलण्याची परवानगी हवी. मग बोलू लागला. खिचडी इथे परतत नाहीत. खाली उकळत्या पाण्याचे भांडे, वर खिचडीचा थाळा. वाफेवर दाणा मोकळा राहतो, तेल कमी लागते. साबुदाणा भिजला की नाही हे घड्याळ सांगत नाही, बोटाने दाबूनच कळते, कारण प्रत्येक पोत्याचा स्वभाव वेगळा. एकादशी आणि महाशिवरात्रीला दुप्पट भिजवायचा. मग तो म्हणाला की हा ओटा त्याचा नाही, पेढीवाल्या शेठजींचा आहे. त्याचे वडील याच ओट्यावर बसत. शेठजींच्या वडिलांनी बसू दिले, शेठजी बसू देतात. शेठजींचे मुलगे काय म्हणतील ते पाहायचे.

एवढे तो चार मिनिटांत बोलला. मार्गदर्शकाने दोनदा घड्याळ पाहिले. पुढे शिकंजीचा थांबा होता आणि वेळ ठरलेली होती. गट हलला. पण माझ्या मते त्या संध्याकाळची खरी कथा त्या चार मिनिटांत होती आणि संहितेत तिला जागा नव्हती.

कारण शेठजींचे मुलगे काय म्हणतील, हा प्रश्न त्या एका माणसाचा नाही. सराफा अरुंद, माथ्यावर विजेच्या तारा, खाली शेकडो माणसांची दाटी आणि मध्ये गॅसच्या टाक्या. आग लागली तर काय, ही काळजी गेल्या काही वर्षांत सराफ व्यापाऱ्यांनी उघडपणे मांडली आहे आणि रात्रीचा हा बाजार इथून हलवावा अशी मागणीही केली आहे. त्यांची भीती खोटी नाही. खाद्यवाल्यांची भीतीही खोटी नाही. ओटा गेला की वडिलांची जागा गेली, आणि नव्या जागी गिऱ्हाईक येईलच याची हमी कोण देतो? रस्त्यावर विकणाऱ्यांसाठी २०१४ साली संसदेने कायदा केला. त्याप्रमाणे शहरातल्या फेरीवाल्यांची पाहणी व्हावी, त्यांना प्रमाणपत्र मिळावे, आणि जागा ठरवणाऱ्या समितीत किमान चाळीस टक्के सभासद फेरीवाल्यांचेच असावेत, त्यांतही एक-तृतीयांश स्त्रिया. हे कागदावर उत्तम आहे. पण २०१७ पासून कित्येक वर्षे स्वच्छतेत देशात पहिले आलेल्या या शहराच्या सर्वांत प्रसिद्ध गल्लीत तीन तास फिरताना सोने, आग, ओटा आणि पोट यांच्यातल्या या ओढाताणीचा एक शब्दही कानी पडू नये, ही मला संहितेची सर्वांत मोठी उणीव वाटते. ज्या नाटकात संघर्ष विंगेत लपवून ठेवलेला आहे, ते नाटक प्रेक्षकाने कशासाठी पाहायचे?

कोणी म्हणेल, ‘मास्तर, लोक मजा करायला येतात. त्यांना कायदे आणि टाक्या कशाला ऐकवता?’ आक्षेप रास्त आहे. पण नागपूरच्या बाईंनी प्रश्न विचारला तेव्हा सगळा गट पुढे सरकला होता हे मी पाहिले आहे. आजोबांनी तर द्रोण खाली ठेवला. राजाच्या गोष्टीला लोक हसले, खिचडीवाल्याच्या गोष्टीला गप्प झाले. कथेचा कस कोणत्या शांततेत लागतो, हे लिहिणाऱ्याला आणि शिकवणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते.

आणखी एक गोष्ट पाहा. आपल्या घरात पदार्थाची आठवण कशी सांगतात? चकली पुढे आली की ‘ही आजीच्या भाजणीची’, करंजी फोडली की ‘मावशीचा हात हलका’, चिवडा तोंडात टाकला की ‘यंदा सूनबाईंनी केलाय, तिखट बेताचे आहे’. चकली अमुक पेशव्यांनी शोधली असे कोणी सांगत नाही, सांगितले तर आजी उठून जाईल. घरी आपण अन्नाला करणाऱ्याचे नाव देतो. मग उंबरठा ओलांडून रस्त्यावर आलो की करणाऱ्याला विसरून राजाला का शोधतो? मुंबईने या बाबतीत थोडा विवेक राखला आहे. वडापावची गोष्ट सांगताना तिथे लोक दादर स्टेशनाबाहेरची गाडी, १९६६ साल आणि पाळी सुटलेला गिरणीकामगार आठवतात. तपशिलात वाद असतील, पण निदान त्या गोष्टीत मुकुट नाही, घाम आहे. १९८२च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे बंद पडत गेले, तरी त्या कामगारांची आठवण एका पावात शिल्लक राहिली. अन्न असा इतिहास जपू शकते, आपण तो त्याच्या तोंडून काढून घेतला नाही तर.

घासाघासाने खाण्याबद्दलही एक शब्द. सहा पदार्थ पोटात जायचे तर प्रत्येकाचा एकच द्रोण दोघांत, हे समजण्यासारखे आहे. पण त्यामुळे भूक नावाचे पात्र कथेतून हद्दपार होते. रस्त्यावरच्या खाण्यात निम्मी गोडी वाट पाहण्याची असते. कढईतून आपला घाणा निघेपर्यंत उभे राहणे, शेजारच्याच्या द्रोणाकडे चोरून पाहणे, ‘अजून एक द्या’ म्हणणे. फेरीत कोणी ‘अजून एक’ म्हणत नाही. पैसे आधीच दिलेले असतात, क्रम आधीच ठरलेला असतो. भूक लागण्यापूर्वी पुढचा पदार्थ येतो, आणि विकणारा व गिऱ्हाईक यांच्यात घासाघीस, थट्टा, ओळख असे काही उरत नाही.

एवढे सगळे बोलूनही मी या फेऱ्या बंद व्हाव्यात असे म्हणणार नाही. वाईट भाषांतर निघाले म्हणून कोणी भाषांतरे थांबवीत नाही. योजकांना माझे मागणे थोडे आहे. दंतकथा जरूर सांगा, पण आधी ‘असे म्हणतात’ हे दोन शब्द जोडा. सहापैकी दोन थांबे कमी करा आणि उरलेल्या ठिकाणी करणाऱ्यालाच बोलू द्या. त्याला संकोच वाटला तर एक प्रश्न विचारून द्या, पुढचे तो पाहून घेईल. त्याच्या चार मिनिटांची किंमतही त्याला द्या, कारण तेवढ्या वेळात त्याची चार गिऱ्हाइके परत जातात. आणि शेवटचा अर्धा तास गटाला मोकळे सोडा. ज्याला जे पुन्हा खावेसे वाटते ते त्याने स्वतः शोधून, स्वतः पैसे देऊन खावे. चांगल्या शिक्षकाची खूण अशी की वर्षअखेरीला मुलगा त्याच्याविना पुस्तक उघडतो. फेरीचीही परीक्षा हीच धरावी. दुसऱ्या रात्री पाहुणा एकटा परत आला तर फेरी साधली.

या कसोटीवर इंदूरची ही फेरी पास झाली की नाही? नागपूरच्या बाई दुसऱ्या दिवशी मला राजवाड्याजवळ भेटल्या. त्या रात्री पुन्हा सराफ्यात जाणार होत्या, एकट्या. ‘त्याला विचारायचं राहिलं हो,’ त्या म्हणाल्या, ‘साबुदाणा भिजत घालतो तो दुपारी की सकाळी?’

फेरीला मी काठावर उत्तीर्ण करतो. बाईंना पहिला वर्ग.